श्रीमंत घरातला खून आणि ‘बाहेरची’ केअरटेकर: तुमच्या बहिणीने आता काय करावं

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मला समजलं ते असं. बहीण चोवीस वर्षांची, चिपळूणकडची. दीड वर्ष वाळकेश्वरच्या एका मोठ्या घरात आजोबांची केअरटेकर होती, ब्युरोमार्फत लागलेली, चोवीस तासांची ड्युटी. बावीस दिवसांपूर्वी सकाळी आजोबा अंथरुणात गेलेले दिसले. पोलिसांनी आधी आकस्मिक मृत्यूची नोंद केली आणि शवविच्छेदनानंतर खुनाचा गुन्हा दाखल केला. दोन मुलगे, सुना, नातू सगळे एकच सांगतायत की रात्री खोलीत फक्त तीच होती. तिचा पगार थांबलाय, आधार कार्ड आणि कपड्यांची बॅग त्यांच्याच घरात आहे. तुझ्या नावाने दोन लाख ठेवतो, असं आजोबा तिला म्हणाले होते. पोलिसांनी चार वेळा बोलावून बसवलं. आणि परवा धाकट्या सूनबाईंचा फोन आला: ‘आमचे वकील तुझंही बघतील, तू फक्त आम्ही सांगतो तेवढंच बोल.’ तुम्ही विचारता, एवढ्या पैसेवाल्यांपुढे आपलं काय चालणार?

मी सत्तावीस वर्षं मुंबईच्या सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करते. घरकाम करणाऱ्या बाया, ड्रायव्हर, वॉचमन, रात्रपाळीच्या सिस्टर, लग्नाला सहा महिने झालेली सून अशा ‘बाहेरच्या’ माणसांची बरीच प्रकरणं लढले आहे. पैशाचा जोर असतो, हे मी नाकारत नाही. त्यांच्याकडे पहिल्या तासापासून वकील असतो, आणि तुम्ही बाविसाव्या दिवशी कुणालातरी विचारताय. पण माझ्या पक्षकारांना सगळ्यात जास्त कशाने अडकवलं असेल, तर ते त्यांनी स्वतः लपवलेल्या एखाद्या किरकोळ गोष्टीने. ती गोष्ट लपवली जाते लाजेपोटी, नाहीतर खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून.

एक प्रकरण सांगते. दक्षिण मुंबईतलंच, नावगाव सांगत नाही. रात्रपाळीची बाई, पेशंट आजी. आजी सकाळी मृत सापडल्या. बाईने पोलिसांना सांगितलं, ‘मी रात्रभर खोलीतून हलले नाही.’ लिफ्टच्या कॅमेऱ्यात ती पावणेतीनला खाली जाताना दिसली, वीस-बावीस मिनिटांनी वर येताना दिसली. गावाकडे तिच्या मुलाला ताप होता, खोलीत रेंज नव्हती, आजींची झोप मोडू नये म्हणून ती खाली वॉचमनच्या केबिनजवळ जाऊन नवऱ्याशी बोलून आली होती. ड्युटी सोडून गेल्याचं कळलं तर ब्युरो काढून टाकेल, एवढ्याच भीतीने ती खोटं बोलली. मृत्यूशी त्या वीस मिनिटांचा काही संबंध नव्हता. पण आरोपपत्रात ‘आरोपीने घटनेच्या रात्रीच्या हालचालींबाबत खोटी माहिती दिली’ हे वाक्य आलं आणि जामिनाच्या प्रत्येक सुनावणीत तेच वाक्य आमच्यापुढे उभं राहिलं. अकरा महिने ती तुरुंगात होती. शेवटी निर्दोष सुटली. साडेतीनला आजींनी हाक मारून पाणी मागितल्याचं मी ऐकलं होतं, असं सुनेने उलटतपासणीत कबूल केलं. ती सुटली तेव्हा मुलगा तिला ओळखेना.

म्हणून सगळ्यात आधी बहिणीला समोर बसवा, नाहीतर तिच्या वकिलासमोर एकटीला बसू द्या, आणि त्या रात्रीचं सगळं सांगू द्या. डोळा लागला होता का? फोनवर कुणाशी बोलत होती? आजोबांची गोळी द्यायची राहिली का, उशिरा दिली का? घरातलं काही न विचारता खाल्लं, घेतलं? कुणी मुलगा आहे का तिच्या आयुष्यात, जो तिला खाली भेटायला यायचा? भावासमोर हे बोलता येत नसेल तर तुम्ही बाहेर थांबा. वकिलाला सांगितलेलं त्याच्यापाशीच राहतं, कायद्याने ते बाहेर काढता येत नाही. लाजेची गोष्ट आधी स्वतः सांगून टाकली की तिची धार जाते. तीच कॅमेऱ्यातून बाहेर आली तर ती पुरावा होते.

दुसरं मिठाचं. दीड वर्ष त्या घरात जेवली, आजोबांनी मायेने वागवलं, तेव्हा घरातली भांडणं बाहेर सांगणं तिला पाप वाटत असेल. मला हे समजतं, आमच्या कोकणात तर हे रक्तातच असतं. पण आजोबांच्या खोलीत मुलांचे आवाज चढले असतील, कुणी सहीसाठी कागद आणले असतील, रात्री उशिरा कुणी आत येऊन गेलं असेल, तर ते सांगणं हे आजोबांच्या मिठाला जागणंच आहे. एक पथ्य मात्र तिने पाळावं. पाहिलं ते सांगावं, ऐकलं ते ऐकलं म्हणून सांगावं, आणि संशय स्वतःजवळ ठेवावा. ‘मोठ्या साहेबांनीच केलं असणार’ हे वाक्य तिच्या तोंडून आलं की ती साक्षीदार राहत नाही, कुटुंबाची शत्रू होते, आणि तिच्या बाकीच्या खऱ्या गोष्टीही सूडाच्या वाटायला लागतात.

धाकट्या सूनबाईंच्या वकिलाचं काय? स्पष्ट नकार, पण भांडण न करता. ‘भावाने वकील बघितलाय’ एवढंच म्हणायचं. या प्रकरणात तिचं हित आणि कुटुंबाचं हित एकमेकांच्या विरुद्ध आहे. एका वकिलाने दोघांचं बघणं आमच्या व्यवसायाच्या नियमांतही बसत नाही. तो फोन कधी आला, किती वाजता, काय शब्द होते, हे आजच तारखेसह वहीत लिहून ठेवा. पैशाची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करा. मोफत म्हणजे दुय्यम, असं मानू नका. विधी सेवेच्या पॅनेलवरच्या काही वकिलांनी खुनाचे खटले माझ्यापेक्षा चांगले चालवलेले मी पाहिलेत.

आता पोलिसांकडे चार वेळा जाण्याबद्दल. तपासात साक्षीदाराला बोलवायचं तर लेखी आदेश लागतो. जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ असं सांगतं, आणि स्त्रीला तिच्या राहत्या जागेखेरीज कुठे हजर राहायची सक्ती करता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. इथे एक पेच आहे जो कुणाच्या लक्षात येत नाही. चोवीस तासांच्या ड्युटीवालीची ‘राहती जागा’ पोलिसांच्या कागदावर बहुधा तेच वाळकेश्वरचं घर असतं. ती आता तुमच्याकडे राहते तर तुमचा पत्ता आणि तुमचा फोन नंबर तपास अधिकाऱ्याला लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नाहीतर उद्या ‘पत्त्यावर मिळून आली नाही’ अशी नोंद होईल, आणि फरार हा शब्द पडायला वेळ लागत नाही.

कायद्याने जायची सक्ती नसली तरी मी अशा वेळी पक्षकाराला ‘जाऊच नकोस’ म्हणत नाही. सहकार्य दिसायला हवं. दिवसाउजेडी जावं, लेखी बोलावणं मागावं, सोबत बाईमाणूस आणि शक्य असेल तर वकील असावा. विचारलेल्याची खरी उत्तरं देणं बंधनकारक आहे. मात्र ज्या उत्तराने स्वतःवरच गुन्ह्याचा आळ येऊ शकतो, ते न देण्याचा अधिकार संविधानाच्या कलम २०(३) ने दिलाय. १९७८ च्या नंदिनी सत्पथी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार पोलीस ठाण्यातल्या चौकशीपासूनच लागू होतो असं म्हटलं. तो खटलाही चौकशीला बोलावलेल्या एका बाईचाच होता, फरक इतकाच की त्या माजी मुख्यमंत्री होत्या.

जबाब कसा लिहिला जातो तेही तिला माहीत असू द्या. ती म्हणेल, ‘बारा-साडेबाराला जरा डोळा लागला, मग आजोबा खोकले तशी उठले.’ कागदावर येईल, ‘समक्ष विचारल्यावरून सांगते की, सदर रात्री मी झोपी गेले होते.’ खोकला गेला, उठणं गेलं, आणि ती रात्रभर झोपलेली झाली. लिहिणाऱ्या हवालदाराच्या मनात पाप असतंच असं नाही, पोलिसी मराठीत बारीक गोष्टींना जागाच नसते. तिने ‘साहेब, वाचून दाखवा’ असं म्हणावं आणि चुकलेलं वाक्य दुरुस्त करून मागावं. आणि हे नीट लक्षात ठेवा: तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ तसं सांगतं. कुणी सही मागितली तर तो कागद जबाब नसून दुसरं काहीतरी आहे, पंचनामा, पावती किंवा निवेदन. तो पूर्ण वाचल्याशिवाय सही नाही. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

‘कबूल कर, सोडून देतो’ असं कुणी म्हणालं तर? पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये हे आहे. पण त्याच कलमात एक फट आहे. आरोपी कोठडीत असताना त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर सांगण्यातला तेवढा भाग पुराव्यात येतो. म्हणून ‘रिकामी कुपी कुठे टाकलीस’ असल्या प्रश्नाला त्रासून, सुटका व्हावी म्हणून, अंदाजाने उत्तर देणं फार महागात पडतं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’, दहाव्यांदा विचारलं तरी ‘माहीत नाही’. नार्को किंवा लाय डिटेक्टरला तिच्या संमतीशिवाय बसवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा सेल्वी निकाल आहे. निर्दोष माणसं ‘करा की, मला कसली भीती’ म्हणून पटकन होकार देतात. वकिलाला विचारल्याशिवाय देऊ नये.

तुमच्या पत्रात जिचा उल्लेखच नाही, ती गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते: वही. केअरटेकर रोज एक वही लिहिते. तारीख, सकाळचं बी.पी., उपाशीपोटी शुगर, किती खाल्लं, लघवी किती, रात्री नऊला इन्सुलिन किती युनिट, आणि समोर तिची वेडीवाकडी सही. ती वही त्या घरात राहिली असणार, आणि आता ती मिळेलच याची खात्री नाही. पण बऱ्याच घरांत त्या पानाचा फोटो रोज रात्री मुलीला किंवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवायची पद्धत असते. तिला ग्रुपमधून काढलं असलं तरी जुने मेसेज तिच्या फोनमध्ये तसेच राहतात. ते फोटो, त्यांच्या वेळा, ‘आज बाबांना नवीन गोळी सुरू केली, रात्री दे’ असा कुणाचा मेसेज, हे सगळं तिचं चिलखत आहे. काहीही डिलीट करायचं नाही, स्वतःला लाज वाटेल ते चॅटसुद्धा नाही. फोन फॉरमॅट करायचा नाही, कुणाला विकायचा नाही, नवीन फोन घ्यायचा नाही. डिलीट केलेलं पुष्कळदा परत मिळतं, आणि मग मूळ मेसेजपेक्षा तो पुसण्याचाच जास्त बोभाटा होतो. पोलीस फोन जप्त करतील तेव्हा पंचनाम्याची प्रत मागा. जप्तीचं चित्रीकरण करणं आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे.

यातच घाईचं काम आहे. सोसायट्यांच्या सीसीटीव्हीचं जुनं चित्रण नव्या चित्रणाखाली पुसलं जातं, बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवसांत, काही ठिकाणी महिन्याने. बावीस दिवस झालेत. पोलिसांनी घेतलं असेल, पण कुठल्या कॅमेऱ्याचं आणि किती तासांचं? मुख्य लिफ्ट, सर्व्हिस लिफ्ट, मागचा जिना, पार्किंग, या सगळ्यांचं आदल्या दुपारपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतचं चित्रण जपून ठेवावं, असं पत्र उद्याच्या उद्या तपास अधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्या. चित्रण पुसलं गेलं तरी तुम्ही ते मागितल्याचा कागद राहतो, आणि खटल्यात तो बोलतो. लपवायला काही असलेलं माणूस कॅमेरे तपासा म्हणून अर्ज करत नाही. ब्युरोकडूनही तिची ड्युटीची नोंद, पगाराच्या पावत्या आणि आधी कुठल्या घरांत काम केलं त्याची यादी मागून घ्या. ब्युरोवाले हात वर करतील, तरी मागा.

‘खोलीत तीच होती’ या वाक्याला घाबरू नका. घराच्या चार भिंतींत खून झाला तर आत असलेल्यांनी खुलासा द्यायचा असतो, हे तत्त्व त्रिमुख मारोती किरकन या महाराष्ट्रातल्याच खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने मांडलं. पण आत असलेले म्हणजे त्या रात्री त्या फ्लॅटमध्ये झोपलेले सगळे. नुसत्या परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर साखळीची प्रत्येक कडी जुळावी लागते आणि दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये. शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने यासाठी पाच कसोट्या घातल्या आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटलं. आम्ही वकील आजही रोज त्यांवरच उभे राहतो.

दोन लाखांचंही तसंच. विचारलं तर सरळ सांगावं: आजोबा असं म्हणाले होते, कागद मी पाहिला नाही. ते लपवलं तर हेतू म्हणून तिच्या अंगावर येईल. ते मोकळेपणाने सांगितलं की पुढचा प्रश्न आपसूक निघतो, आजोबांच्या जाण्याने कुणाला किती मिळणार होतं. खून करणाऱ्याला त्या माणसाच्या मालमत्तेत वाटा मिळत नाही, हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २५ आहे. खरा जाणकार तपास अधिकारी हे हिशोब तुम्ही न सांगता मांडतो.

नोकरमाणसावर पहिला संशय जातो, याचा मला आजही संताप येतो. २००८ मध्ये नोएडात आरुषीचा खून झाला तेव्हा घरातला नोकर हेमराज याच्यावरच पहिला संशय घेतला गेला, त्याचा शोध सुरू झाला. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत त्याच घराच्या गच्चीवर मिळालं. एक दिवसभर तो मेलेला माणूस खुनी होता. हे मी तुमच्या तपास अधिकाऱ्यालाही सांगायला कमी करणार नाही, आणि त्यातल्या चांगल्यांना ते पटतंही.

अटक झाली तर, म्हणजे तयारी म्हणून सांगते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद असला तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. तुम्हाला कळवावं लागतं. अटकेची कारणं तिला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं, आणि लगेच शक्य नसेल तर रिमांडच्या किमान दोन तास आधी तरी ती हातात पडली पाहिजेत असं बजावलं. चोवीस तासांत न्यायालयात उभं करावं लागतं. त्या वेळी तिने न्यायाधीशांना स्वतःच्या तोंडाने सांगावं, मारहाण झाली असेल तर तेही. खुनाच्या गुन्ह्यात पोलीस कोठडी एकूण जास्तीत जास्त पंधरा दिवसांची असते, पण आता ती पहिल्या साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते, म्हणून पहिले चार दिवस संपले की सुटलो असं समजू नका. नव्वद दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. पण तिथपर्यंत थांबायचं कशाला? अटकेची शक्यता खरी वाटत असेल तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज या आठवड्यातच घालता येतो. खुनाच्या गुन्ह्यात तो सहज मिळत नाही, हे खरं. तरी साक्षीदार म्हणून चार वेळा स्वतःहून हजर राहिलेली, पूर्वी कुठलाही गुन्हा नसलेली बाई असेल तर न्यायालय ऐकून घेतं.

बॅग आणि आधार कार्ड आणायला तिने त्या घरी एकटीने जायचं नाही. तुम्हीही जाऊ नका. तपास अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, नाहीतर वकिलाच्या पत्राने मागा. पगाराच्या बदल्यात ‘सर्व हिशोब मिळाला, माझी काही तक्रार नाही’ असा कागद पुढे केला तर सही करायची नाही. थकलेला पगार नंतर वसूल करता येईल. चॅनेलवाले दारात आले तर दार लावून घ्या, फोटो तर नाहीच. शेजारणींनाही काही सांगू नका. त्या उद्या साक्षीदार होऊ शकतात.

पाचव्यांदा बोलावणं आलं की निघताना तिला डबा द्या, पाण्याची बाटली द्या, आणि पोटभर खाऊन जाऊ द्या. चौकशीला सकाळी अकराला बोलावतात आणि प्रश्न सुरू होतात दुपारी चारला. तोपर्यंत बाकावर बसून राहिलेली उपाशी पोर समोरचा म्हणेल त्याला ‘हो साहेब’ म्हणून मोकळी होते. सोबतच्या बाईने तिथून हलू नये, आणि कितीला आत गेली, कितीला बाहेर आली, कुणी विचारलं, ते त्याच वहीत लिहावं, जिच्यात सूनबाईंच्या फोनची नोंद आहे.